मुलांना मुलांचाच आधार

इ. स. १७९८ च्या सप्टेंबर महिन्यात फ्रेंच फौजांनी स्वित्झर्लंडमधील निडवाल्डन परगण्याचा प्रतिकार मोडून काढला, घरे जाळली, माणसे कापली, आणि श्टान्स हे गाव व भोवतालची खेडी यांत पोरक्या मुलांचा एवढा समुदाय मागे उरला, की त्यांची काही तजवीज लावणे नव्या सरकारला भागच पडले. हे काम शिक्षणतज्ज्ञ योहान हाइनरिख पेस्टालोझी यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती, हाती घेतलेले बहुतेक उद्योग बुडालेले होते, आणि दिमतीला होती ती जोगिणींच्या मठाची अर्धवट दुरुस्त झालेली इमारत व घरकामासाठी एक बाई. १७९९ च्या जानेवारीत जी मुले तेथे आली, ती खरजेने भरलेली, उवांनी पोखरलेली, हाडांचा सापळा झालेली आणि समोरच्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे संशयाने पाहणारी अशी होती. थोड्याच काळात त्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. पेस्टालोझी त्यांच्यातच निजत, त्यांच्यातच जेवत आणि आजारी मुलांची शुश्रूषा स्वतःच्या हाताने करीत.

त्याच वर्षी वसंत ऋतूत शेजारचे आल्टडॉर्फ हे गाव आगीत भस्म झाले. पेस्टालोझींनी मुलांना भोवती गोळा केले आणि त्यांच्यापुढे सरळ प्रश्न ठेवला: तिकडची वीसेक निराधार मुले आपल्यात घ्यावीत काय? घेतली तर अन्न कमी पडेल, काम वाढेल, अंगावरचे कपडेही वाटून घ्यावे लागतील, हेही त्यांनी लपवून ठेवले नाही. मुलांनी एकमुखाने सांगितले, की त्यांना येऊ द्या. जूनमध्ये फ्रेंच सैन्याला इस्पितळासाठी ती इमारत लागली आणि सारी संस्था पाच महिन्यांतच मोडली; परंतु त्या उत्तराची हकिगत पेस्टालोझींनी आपल्या पत्रात नोंदवून ठेवली, आणि युद्धाने होरपळलेल्या मुलांच्या सामूहिक उपचाराचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याचे पहिले पान मी तेथेच उघडीन. कारण ज्या मुलाचा मनुष्यमात्रावरील विश्वास माणसांनीच हिरावून घेतला, त्याला तो पुन्हा मिळतो तो बहुधा प्रथम आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलाच्या सहवासात, ही गोष्ट त्या मठात प्रत्यक्ष दिसली होती.

शास्त्राला ती दिसावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. मनोव्यथेचा उपचार म्हणजे एक वैद्य, एक रोगी आणि बंद दार, अशीच विसाव्या शतकाच्या आरंभीची समजूत होती. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल स्लाव्हसन यांनी बुजऱ्या आणि दांडग्या मुलांचे छोटे छोटे गट करून, त्यांना लाकूड, रंग व हत्यारे देऊन, शक्य तितके कमी बोलून उपचार करण्याची पद्धत सुरू केली. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील नॉर्थफील्ड येथील लष्करी इस्पितळात बियॉन, फूक्स प्रभृती वैद्यांनी खचलेल्या शिपायांवर सामूहिक उपचाराचे प्रयोग केले. वैद्यकाच्या ग्रंथांत या विद्येचा वंशवृक्ष असाच दाखविला जातो. परंतु युद्धपीडित मुलांपुरते पाहिले तर ही विद्या दवाखान्यात जन्मलेली नाही. ती पाळणाघरांत, वसतिगृहांत आणि छावण्यांत, रोजची भाकरी वाढणाऱ्या माणसांच्या हातून घडली.

त्यांतील सर्वांत मोठे नाव बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांचे. नाझींच्या तावडीतून वडिलांसह व्हिएन्ना सोडून त्या १९३८ मध्ये लंडनला आल्या. १९४० च्या सप्टेंबरपासून लंडनवर रात्रंदिवस बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर त्यांनी आपल्या सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासह हॅम्पस्टेड भागात युद्धकालीन बालगृहे उघडली. दोन घरे शहरात व एक एसेक्समधील खेड्यात, असा हा पसारा होता, आणि खर्चाचा मोठा भार युद्धग्रस्त मुलांसाठी अमेरिकेत निघालेल्या एका पालक-निधीने उचलला होता. येथील सर्वांत मोलाची शिस्त म्हणजे नोंदीची. दाई असो, स्वयंपाकीण असो, नाही तर कोळशाची भट्टी सांभाळणारा माणूस असो, मुलाविषयी जे दिसेल ते प्रत्येकाने कार्डावर लिहून ठेवावे असा दंडक होता. आणि तेथे भट्टी सांभाळणारे जेम्स रॉबर्टसन हेच पुढे इस्पितळात आईपासून तुटलेल्या मुलांचे मोठे अभ्यासक झाले, यावरून त्या शिस्तीचे सामर्थ्य ध्यानी येते.

या नोंदींतून जे प्रथम बाहेर आले ते लोकसमजुतीच्या विरुद्ध होते. बॉम्बच्या आवाजाने मूल जितके हादरत नाही तितके ते आईच्या वियोगाने हादरते. आणि आई जवळ असून ती शांत असेल, तर तळघरात काढलेल्या रात्रीही लहान मूल आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्थतेने पार करते. दुसरी गोष्ट खेळाविषयीची. वडील बॉम्बहल्ल्यात ठार झालेला चार वर्षांचा एक मुलगा कागदाची घरे उभारी आणि त्यांवर गोट्यांचे बॉम्ब टाकी. इतर मुलेही हाच खेळ खेळत. पण याच्या खेळात माणसे नेहमी वेळेवर वाचत आणि पडलेले प्रत्येक घर पुन्हा उभे राही. वडील गेले हे तो स्वतःशी कबूल करीत नव्हता, म्हणून खेळ संपतही नव्हता. काही महिन्यांनी, युद्ध संपले की आई इस्पितळातून परत येईल पण वडील येणार नाहीत, हे तो स्वतःच्या तोंडाने बोलला. त्या मुलाला कोणी हे बोलावयास लावले नाही. जवळ खेळणारी मुले होती, पाहणारी मोठी माणसे होती आणि घाई कोणालाच नव्हती. यापेक्षा अधिक उपचार त्याच्यावर झाला नाही, आणि मला वाटते, यापेक्षा अधिक कोणता उपचार त्या वयात योग्यही नव्हता.

प्रारंभी सर्व दायांनी सर्व मुलांकडे पाहावे अशी व्यवस्था होती. तीत मुले नीटनेटकी राहत, पण त्यांची वाढ कोठेतरी अडून बसे. मग प्रत्येक दाईकडे चार-पाच मुले देऊन छोटी छोटी कृत्रिम कुटुंबे पाडण्यात आली, आणि ही वाटणी करताना कोणत्या मुलाचा ओढा कोणाकडे आहे हे आधी पाहिले गेले. परिणाम तात्काळ दिसला. रडारड वाढली, हेवेदावे सुरू झाले, ‘माझी’ म्हणून दाईला घट्ट धरून ठेवणे सुरू झाले. पण त्याबरोबरच अडलेले बोलणे सुटले आणि बिघडलेल्या सवयी सुधारू लागल्या. समूह म्हटला की शंभर मुलांची रांग डोळ्यांपुढे येते. उपकारक समूह मात्र लहान असतो आणि त्यात प्रत्येकाला ओळखणारे कोणीतरी असते, हा धडा हॅम्पस्टेडने घालून दिला.

परंतु ज्यांना आई आठवतच नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये ससेक्स परगण्यातील वेस्ट होथ्ली या खेड्यात ‘बुलडॉग्ज बँक’ नावाच्या घरी आले. तीनचार वर्षांची सहा मुले होती ती. जर्मनीतील ज्यू आईबापांची. आईबाप मारले गेलेले, आणि ही स्वतः तान्हेपणीच टेरेझीनच्या बंदिछावणीत मातृहीन मुलांच्या दालनात येऊन पडलेली. तेथे त्यांच्याकडे पाहणाऱ्या बायका स्वतः अर्धपोटी बंदिवान होत्या, आणि आज असलेली बाई उद्या पूर्वेकडच्या गाडीत घातली जाई. सोफी आणि गेरट्रूड डॅन या दोघी बहिणींनी या मुलांचा ताबा घेतला तेव्हा पहिले काही आठवडे अत्यंत कठीण गेले. मुलांनी खेळणी मोडली, घरसामान फोडले, मोठी माणसे जवळ आली की ती चावत, थुंकत, मारीत, किंवा माणूस समोर नाहीच असे वागत. पण एकमेकांपासून ती क्षणभरही दूर होत नसत. एक जण वर माडीवर राहिला तर उरलेली पाच जण खाली त्याच्याविषयी विचारीत राहत. जेवताना स्वतःच्या तोंडात घास घालण्यापेक्षा शेजारच्याला मिळाले की नाही, याचीच काळजी त्यांना अधिक असे.

सोफी डॅन यांच्या नोंदी ॲना फ्रॉइड यांनी १९५१ मध्ये प्रबंधरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांतील काही प्रसंग, केवळ घडले तसे मांडलेले असूनही, वाचणाऱ्याला थांबवून धरतात. डिसेंबर महिन्यात एका मुलाच्या बशीत केकचा चुरा उरला होता. तो खाऊ लागला तोच इतरांनीही मागितला. त्याने सर्वांत मोठे दोन तुकडे एका मुलीला दिले, तीन मध्यम तुकडे बाकीच्यांना वाटले आणि सर्वांत लहान तुकडा स्वतः खाल्ला. ब्रायटनच्या समुद्रकिनारी एक मुलगी पाण्यात खडे टाकीत उभी होती आणि लाटांना भिणारा एक मुलगा दूर थांबला होता. लाट येताना पाहताच तो आपली भीती विसरून धावला आणि पाणी येत असल्याचे ओरडून सांगत तिला ओढीत मागे घेऊन आला. कुत्र्यांची तर या सर्वांनाच भयंकर धास्ती होती. असा एक कुत्रा समोर आला असता एका मुलीने स्वतः थरथरत असूनही किंचाळणाऱ्या सोबत्याजवळ जाऊन आपला खेळण्यातला ससा त्याच्या हाती दिला. वर्षभरात ही मुले इंग्रजी बोलू लागली, हळूहळू डॅन भगिनींवर माया करू लागली, आणि माया जडली तसे त्यांच्यात हेवेही दिसू लागले. ती अतिशय हळवी, चंचल, रागीट आणि सांभाळण्यास कठीण होती, परंतु ती वेडी नव्हती, दुर्वृत्तही नव्हती, असा निर्वाळा ॲना फ्रॉइड यांनी दिला. ज्या गटाला दुसरा कोणीही रक्षक नव्हता, त्याने आपल्या प्रत्येक सदस्याच्या मनाचे रक्षण केले होते.

याच टेरेझीनमध्ये मोठ्या मुलांसाठी फ्रीडल डिकर-ब्रँडिस या चित्रकर्तीने चित्रकलेचे वर्ग चालविले होते. स्वतःबरोबर नेता येईल त्या मोजक्या सामानात तिने रंग व कागद नेले, चोरूनमारून गटागटाने मुलांना शिकविले, आणि १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले, त्यापूर्वी साडेचार हजारांच्या आसपास चित्रे दोन पेट्यांत भरून लपविली. तिची जुनी विद्यार्थिनी ईडिथ क्रेमर हिने पुढे अमेरिकेत चित्रकलेद्वारे मनोपचार करण्याची विद्या उभी केली.

आता मी आपल्या मुलखाकडे येतो, कारण या इतिहासातील एक प्रकरण पंचगंगेच्या खोऱ्यात घडलेले आहे. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तान येथे हद्दपार केली. जर्मनीने सोव्हिएत भूमीवर आक्रमण केल्यानंतर १९४१ च्या जुलैत लंडनमधील पोलिश सरकारशी समझोता झाला आणि सुटका झालेल्या लोकांचे तांडे दक्षिणेकडे निघाले. वाटेत उपासमारीने आणि विषमज्वराने हजारो आईबाप मध्य आशियाच्या मातीत मिळाले. लाखाहून अधिक माणसे १९४२ मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. मुलांची एक तुकडी अश्गाबादहून मशहदमार्गे मालमोटारींनी हिंदुस्थानात आली, काही महिने मुंबईत वांद्र्याला राहिली आणि जुलैत नवानगरच्या जामसाहेबांनी समुद्रकाठी बालाचडी येथे बांधविलेल्या छावणीत दाखल झाली. या जामसाहेबांना, दिग्विजयसिंहजींना, ती मुले ‘बापू’ म्हणत. पुढे १९४३ मध्ये करवीर संस्थानच्या हद्दीत वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि त्यांत बहुसंख्य बायका व मुले होती.

वळिवड्यास मनोवैद्य नव्हता आणि सामूहिक उपचार हा शब्दही तेथे कोणी उच्चारला नसेल. पण तेथे काय उभे केले गेले ते पाहा. कौलारू बराकींच्या रांगा, प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल. ज्यांना कोणीच उरले नव्हते त्यांच्यासाठी अनाथगृह. प्राथमिक शाळा आणि त्यांवर माध्यमिक विद्यालय. चर्च, इस्पितळ, नाट्यगृह आणि गायनवृंद. दोन वर्षे ज्या मुलाने पाव कोठे मिळेल याखेरीज दुसरा विचार केला नाही, त्याच्या दिवसाला पुन्हा घंटा आली, पाठ आले, परीक्षा आल्या, राष्ट्रीय सण आले आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळचे सामुदायिक जेवण आले. आणि त्यातही सर्वांत प्रभावी ठरली ती बालवीर चळवळ. झ्जिस्लाव पेश्कोव्स्की हे पोलिश सैन्यातील तरुण अधिकारी, सोव्हिएत बंदिवासात कातीनच्या कत्तलीतून वाचलेले आणि पुढे धर्मगुरू झालेले, या चळवळीचे येथील एक धुरीण होते. सहा-आठ मुलांची टोळी, त्यांच्यातलाच थोडा मोठा असा एक नायक, टोळीचे नाव, टोळीची गाणी, शेकोटी, पन्हाळ्याकडच्या सहली, नदीत पोहणे, आणि एकाने चूक केली तर साऱ्या टोळीने निस्तरणे, अशी ही रचना होती.

हॅम्पस्टेडच्या कृत्रिम कुटुंबांशेजारी वळिवड्याच्या टोळ्या ठेवून पाहिल्या की साम्य तत्काळ जाणवते. दोन्हीकडे समूह लहान आहे, दोन्हीकडे त्याला कायमपणा आहे, दोन्हीकडे मुलाकडून फक्त घेण्याची नव्हे तर दुसऱ्याला देण्याचीही अपेक्षा आहे. सैबेरियातील गोष्टी या मुलांना कोणी सांगावयास लावल्या नाहीत; पण शेकोटीभोवती बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते, की शेजारी बसलेल्यानेही तेच पाहिले आहे आणि त्याला काहीही समजावून सांगण्याची गरज नाही. मला वाटते, या उपचाराचा गाभा हाच. एकट्या मुलाला आपले दुःख म्हणजे आपल्यातच काहीतरी बिघडल्याची खूण वाटते. समदुःखी समूहात ते परिस्थितीचे फळ ठरते. यावरून वळिवड्याची मुले पूर्णपणे सावरली असे मात्र कोणी समजू नये. बापाचा ठावठिकाणा न लागलेली मुले तेथेही होती, आणि १९४५ च्या जुलैत ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली तेव्हा साऱ्या छावणीचा देशच नाहीसा झाल्यासारखे झाले. तरीही १९४८ पर्यंत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका अशा दाही दिशांना पांगलेल्या त्या मुलांनी म्हातारपणापर्यंत आपली संघटना टिकविली, आठवणींचा मोठा ग्रंथ काढला, आणि त्यांपैकी अनेक जण कोल्हापूरला पुन्हा येऊन गेले.

युरोपात बंदिछावण्यांतून वाचून मागे राहिलेल्या ज्यू मुलांपैकी तीनशेच्या आसपास मुले १९४५ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथून बॉम्बफेकी विमानांतून इंग्लंडच्या विंडरमिअर सरोवराकाठी आणण्यात आली; ती पाव चोरून उशीखाली ठेवीत, आणि पाव उद्याही मिळेल हे पटल्यावरच तसे करणे त्यांनी सोडले. स्वित्झर्लंडमध्ये ट्रोगन येथे १९४६ मध्ये निरनिराळ्या देशांतील युद्धानाथ मुलांचे गाव वसले, त्याला नाव दिले गेले ते पेस्टालोझींचेच.

या साऱ्या अनुभवाला नियमबद्ध रूप मिळाले ते बोस्नियातील १९९२ ते १९९५ च्या युद्धानंतर. नॉर्वेचे आट्ले ड्युरेग्रोव्ह आणि इंग्लंडचे विल्यम यूल व पॅट्रिक स्मिथ यांनी ‘टीचिंग रिकव्हरी टेक्निक्स’ या नावाची एक पद्धत बांधली. आठ वर्षांवरील मुलांचा पंधराच्या आतबाहेरचा गट, मुलांच्या पाच बैठका व पालकांच्या दोन, आणि चालविणारा बहुधा प्रशिक्षण घेतलेला शिक्षकच, कारण युद्धाच्या मुलखात हजारो मुलांमागे एकही मनोवैद्य नसतो. नको असताना डोळ्यांपुढे उभी राहणारी दृश्ये कशी आवरावी, मनात एक सुरक्षित जागा कशी कल्पावी, श्वास कसा संथ करावा, ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पायरीपायरीने कसे जावे, हे तेथे खेळाखेळाने शिकविले जाते. जे घडले ते सर्वांसमक्ष सांगण्याची सक्ती कोणावरही नसते. पॅलेस्टाइनमध्ये, इराणातील बाम येथील भूकंपानंतर आणि स्वीडनमध्ये एकट्याने पोहोचलेल्या निर्वासित मुलांमध्ये ही पद्धत वापरली गेली. ज्याची व्यथा खोल आहे त्याला पुढे स्वतंत्र उपचार लागतोच. पाच बैठकांनी सर्व काही बरे होते असे म्हणणे मुलांवर अन्याय करणारे होईल.

हॅम्पस्टेडला कार्डे लिहिली गेली, म्हणून हॅम्पस्टेडचे शास्त्र झाले. वळिवड्याचे तसे झाले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. शिवाय वळिवड्याची गोष्ट १९४८ मध्ये संपलेली नाही. पोलिश लोक निघून गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली, आणि आज ज्याला आपण गांधीनगर म्हणून, कापडाची बाजारपेठ म्हणून ओळखतो ते गाव तेथे वसले. कराची, हैदराबाद, शिकारपूर सोडून आलेल्या त्या कुटुंबांतही मुले होती. ती आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. कोल्हापूरच्या शिक्षकांना, विद्यापीठातील संशोधकांना आणि ज्यांच्या ओळखीत असे एखादे वृद्ध गृहस्थ वा आजी असतील त्या प्रत्येक वाचकाला माझी विनंती आहे, की त्यांच्याकडे जावे, लहानपणी त्यांना कोणाचा आधार वाटला, खेळायला कोण होते, हे विचारावे, आणि ते जसे सांगतील तसे त्यांच्याच शब्दांत या वर्षीच लिहून घ्यावे.